सोन्याचं ठिगळ

सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावरच्या, नक्षी ठरवणाऱ्या पुठ्ठ्याला एक भोक चुकीचं पडलं, तर त्या पुठ्ठ्यावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत तोच डाग त्याच जागी उमटतो. चिपच्या कारखान्यात पुठ्ठ्याचं हे काम मास्क करतो.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्पीअर्स आणि हेन्री स्मिथ यांनी एक्स-रेने चिपची नक्षी छापण्याची पद्धत मांडली. तिचा मास्क म्हणजे सिलिकॉन नायट्राइडसारख्या पदार्थाचा एक-दोन मायक्रॉन जाडीचा पडदा आणि त्यावर सोन्याची किंवा टंगस्टनची नक्षी. धातू एक्स-रे अडवतो, पडदा ते जाऊ देतो. प्रकाशाने छापताना भिंगं नक्षी चार-पाच पटींनी लहान करतात, मास्कवरचा दोषही लहान होतो. इथे तशी भिंगं नाहीत. मास्कवर जेवढी नक्षी, तेवढीच सिलिकॉनच्या चकतीवर. मग दुरुस्तीही तितकीच बारीक हवी.

जास्तीचा धातू काढणं त्यातल्या त्यात सोपं. गॅलियमच्या आयनांचा बारीक झोत मारून तो उडवायचा. गॅलियम २९.८ अंश सेल्सियसला वितळतं; सोलापूरच्या मे महिन्यात ते वाटीतच पातळ होईल. टंगस्टनच्या सुईवर ते द्रवरूपात सहज राहतं आणि तीव्र विद्युतक्षेत्र त्यातून आयन ओढून काढतं.

खरी कसोटी लागते ती सोनं कमी पडलेल्या जागी. तिथे बारीक नळीतून सोन्याच्या सेंद्रिय संयुगाची वाफ सोडतात. रेणू पृष्ठभागाला चिकटतात, झोत पडेल तिथेच फुटतात आणि सोनं मागे राहतं. उरलेलं सारं पंपाने ओढलं जावं, पण बराच कार्बन तिथेच अडकतो. सराफ हे सोनं हातातही धरणार नाही! तेवढेच एक्स-रे अडवायचे, तर ठिगळ शेजारच्या सोन्यापेक्षा जाड रचावं लागतं. एक फायदा मात्र आहे. प्रकाशाने छापण्याच्या काचेच्या मास्कमध्ये झोतातलं गॅलियम घुसून काच काळवंडवतं. एक्स-रेला गॅलियमच्या त्या पातळ थराचा फारसा अडथळा होत नाही.

चिपच्या बाजारात एक्स-रे हरले, कारण प्रकाशाची पद्धतच सुधारत गेली. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे लिथोग्राफी होते, पण ती सूक्ष्म रचना घडवण्यासाठी. दुरुस्तीची युक्ती मात्र चिपच्या धंद्यात टिकली. आजच्या अत्याधुनिक चिप १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी छापतात. त्यांचे मास्कही वायू सोडून, झोत मारूनच दुरुस्त होतात. फक्त तो झोत आता इलेक्ट्रॉनांचा असतो.