ताटाभोवतीचं शिवार

जेवणाची जागा सजवायचा मला फार जुना नाद आहे. आश्विन लागला की बाजारातल्या तोरणांपेक्षा माझं लक्ष बांधांकडे जास्त असतं. कुठे कारळ्याचा पट्टा पिवळा झालाय, कुठे तरवड फुललाय, कोणाची बाजरी अजून खुडायची राहिली आहे, हे बघत बीड जिल्ह्यात मांजरसुंबा, नेकनूर, केज करत अंबाजोगाईपर्यंतचा रस्ता मी कितीदा तरी केला आहे. घरच्या जेवणाच्या मेजासाठी लागणारं सगळं सामान मला याच रस्त्याच्या कडेला सापडलं. माझा नियम एकच आहे: मेजावर मांडलेली वस्तू एक तर खाता यावी, नाही तर जेवणं झाल्यावर मातीत परत जावी.

हल्ली दिवाळीला पाहुणे यायचे असले की लोक मोबाइलवर मेज सजावटीची विलायती चित्रं बघतात. तांबडी मॅपलची पानं, केशरी भोपळे, पाइनची वाळलेली फळं. ती चित्रं सुंदर असतात आणि तिथल्या मातीला धरून असतात. त्या देशांत दिवस लहान होऊन गारवा पडला की पानांतलं हरितद्रव्य ओसरतं आणि आत दडलेला पिवळा-केशरी रंग वर येतो. तांबडा रंग तर काही झाडं त्याच दिवसांत नव्यानं तयार करतात. आपल्या बालाघाटाच्या डोंगरांवर मात्र तेव्हा पावसाची हिरवाई टिकून असते. पळस आणि साग पानं टाकतात ती शिशिरात, उन्हाळ्याच्या तोंडावर. आश्विनात आपल्याकडे पान पिकत नाही, धान्य पिकतं. म्हणून बीडच्या मेजावर कागदी मॅपल पसरणं मला पटत नाही. शरदाचे ऊबदार रंग आपल्याला कणसांत, फुलांत आणि फळांत शोधावे लागतात, आणि ते भरपूर सापडतात.

आता थोडी पार्श्वभूमी. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी याच दोन महिन्यांत येतात. बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गोदावरी, मधून बालाघाट, पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा, आणि अकरा तालुक्यांत कापूस, सोयाबीन, बाजरी, तूर ही खरिपाची पिकं.  या पार्श्वभूमीवर मला आधी जायचंय पत्रावळीकडे.

पळसाची पत्रावळ ही माझ्या मते आपल्या जेवणाच्या मांडणीतली सर्वांत देखणी वस्तू आहे. घटस्थापनेला तिच्यावर काळी माती पसरून धान्य पेरतात, म्हणजे शरदाची सुरुवातच तिच्यापासून होते. पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण सहज वापरतो, पण ती तीन पानं हातात घेऊन बघा. मधलं मोठं आणि जवळजवळ गोल, बाजूची दोन किंचित तिरकी. वरची बाजू गुळगुळीत, खालची बारीक लव असलेली. पान चामड्यासारखं चिवट असतं, म्हणून ते टाचताना फाटत नाही. पत्रावळ लावणारे मोठं पान मध्ये धरतात आणि भोवती बाकीची पानं एकावर एक सरकवत नेतात. बारीक काडी पानात खुपसायची, पुन्हा वर काढायची आणि उरलेलं टोक मोडून टाकायचं. ओल्या पानांची पत्रावळ वाळताना वळते, म्हणून गठ्ठे करून वर दगड ठेवतात.

धारूरच्या घाटाजवळच्या एका गावात एका आजींनी मला हे काम शिकवलं. ओसरीवर त्यांच्यापुढे पानांचा ढीग होता आणि बोलता बोलता त्यांच्या हातून एकेक पत्रावळ गोल होऊन बाजूला पडत होती. माझी काडी सारखी वर डोकवायची. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “काडी पानाला लागली पायजे माय, जेवणाराच्या बोटाला न्हाई.” एवढ्या एका वाक्यात सजावटीचं सगळं शास्त्र आलं असं मी मानते. जेवणाऱ्याला टोचेल, अडवेल, त्याच्या घासात येईल असं काही मेजावर नको.

पत्रावळीच्या पंगतीची मांडणीसुद्धा विचार करून ठरलेली आहे. जमीन उंचसखल असली की पत्रावळीच्या कडेखाली खडे लावायचे, म्हणजे पातळ पदार्थ वाहून जात नाही. लग्नाच्या पंगतीत हे खडे गोळा करायचं काम आम्हा पोरांकडे असे. वरणासाठी भाताला आळं करायचं. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. डावीकडचे पदार्थ थोडेसेच खायचे, आणि खरे रंग तिथेच असतात. शेंगदाण्याची तांबूस चटणी, कारळ्याची काळी, जवसाची तपकिरी, मिरचीचा लाल ठेचा. वाळक्या पत्रावळीच्या मातकट रंगावर ही ओळ मांडली की शरदाचा पट तयार होतो, वेगळं काही आणावं लागत नाही.

राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. तेव्हा मला वाटलं होतं, आता पळसाचे दिवस परत येतील. तसं फारसं झालं नाही. गावच्या सप्ताहांत आणि लग्नांत चंदेरी मुलाम्याच्या कागदी पत्रावळी आल्या. पळसाची पत्रावळ जनावरं खातात किंवा ती उकिरड्यावर कुजून खत होते. मुलाम्याची शेतात फडफडत राहते. निदान घरच्या जेवणात तरी आपण पळसाकडे परतायला हवं. मेजावर खड्यांची गरज नाही. पत्रावळीवर पाण्याचा हबका मारा, ती मऊ पडली की पुसून घ्या आणि थेट वाढा. तेवढी हिंमत नसेल तर पितळी किंवा स्टीलच्या ताटाखाली अंथरा. खालून गोल पानांची कड दिसू लागली की साधं ताटही सणाचं दिसतं.

मेजावर अंथरायला मी प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं आच्छादन काढून जाडंभरडं सुती कापड घालते, न रंगवलेलं. जाड सुती कापडाचा मान या भागात जुना आहे. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) ‘पंचीकरण’ हा वेदान्तातला विषय पासोडीवर, म्हणजे अशाच जाड कापडावर लिहिला. कापडावर उतरवलेला इतका मोठा ग्रंथ मराठीत दुसरा मला माहीत नाही.  

मेजाच्या मध्यभागी काय ठेवावं, या प्रश्नाला बीडकरांकडे तयार उत्तर आहे: सीताफळ. बालाघाटाच्या मुरमाड, उथळ जमिनीवर ते रानोमाळ वाढतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बुरडाकडच्या टोपलीत त्याचीच पानं अंथरायची आणि वर डोळे उघडू लागलेली, पण अजून टणक फळं रचायची. हिरव्या खवल्यांमधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या होत जातात आणि दोन-चार दिवसांत फळं एकामागून एक पिकतात. रोज जेवणानंतर पिकलेली उचलायची, ढीग खाली खाली जातो आणि सजावट खाऊन संपते. फ्रीजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते. बिया मात्र मुलांच्या हाती देऊ नका. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते.

फुलांत पहिला मान झेंडूचा. तो मूळचा मेक्सिकोचा, तिथेही नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला पितरांच्या स्मरणासाठी झेंडूच्या राशी घालतात. आपल्याकडे तो काही शतकांपूर्वी आला आणि दसऱ्याचाच होऊन बसला. त्याचा वास उग्र असतो, म्हणून ताटाजवळ ठेवू नये. मेजाच्या कडेनं माळ सोडावी किंवा पाण्यानं भरलेल्या पितळी घंगाळात फुलं तरंगवून ते दाराशी ठेवावं. दसऱ्याच्या दुपारनंतर फुलांचा भाव पडतो आणि शेतकऱ्यावर माल टाकून जायची वेळ येते. शक्य असेल त्यानं त्या वेळी घासाघीस न करता दोन किलो जास्त घ्यावीत. कारळ्याची नाजूक पिवळी फुलं आणि तरवड नवरात्रात घटाच्या माळेत असतात, तीच पुढे मातीच्या बोळक्यात मेजावर शोभतात. कारळ्याची डहाळी शेतकऱ्याला विचारून घ्यावी, ते त्याचं पीक आहे. गेल्या माघातली करडईची फुलं वाळवून ठेवली असतील तर त्यांचा नारिंगी रंग अजूनही टिकलेला असतो, फक्त काटे सांभाळायचे.

काही सुंदर गोष्टी मात्र मेजावर कधीही आणू नका. लाल-काळी गुंज दिसायला मोहक, पण तिचं बी अतिशय विषारी. कण्हेर विषारी, धोतरा विषारी, घाणेरीची हिरवी फळंही विषारी. ताटाभोवती रांगोळी घालायची असेल तर दगडाच्या भुकटीऐवजी तांदळाचं पीठ आणि हळद वापरा.

उंचीसाठी बाजरीची कणसं घ्या. बोळक्यात वाळू भरून पाच-सात कणसं उभी केली की पुरे, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. सण संपला की ती अंगणात टांगा, चिमण्या दोन दिवसांत फस्त करतात. फुटलेल्या बोंडांची कापसाची फांदीही छान दिसते, पण पिकावर फवारणी झालेली असते, म्हणून ती अन्नापासून दूर, कोपऱ्यात ठेवा. पणत्या आणि वाळकी कणसं शेजारी नकोत.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात असते. याच दिवसांत बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि कित्येक घरांत दिवाळीचं ताट फडावरच्या कोपीत मांडलं जातं. ज्यांना आपल्या गावात, आपल्या शिवारातल्या फुलांमध्ये बसून जेवता येतं, त्यांनी त्या जेवणाची नीट कदर करावी असं मला मनापासून वाटतं.

शिवारातल्या अशा जेवणाचा कळस बघायचा असेल तर मार्गशीर्ष अमावस्येच्या येळवसेला या. लातूर-धाराशिवकडचा हा सण अंबाजोगाई, परळी, केज या बाजूलाही होतो. शेतात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, भोवती हरभरा आणि ज्वारीचं हिरवं रान, आणि भज्जी, उंडे, आंबील यांनी भरलेली ताटं. जेवणाची याहून सुंदर मांडणी महाराष्ट्रात मी पाहिलेली नाही, आणि तिथे विकत आणलेली सजावट जवळजवळ नसतेच.

तोवर या दिवाळीत एवढं करा. मुलांना घेऊन बांधावर जा, पळसाची थोडी पानं आणा आणि घरात माणशी एक पत्रावळ लावा. पहिली वाकडी होईल, चौथी जमेल. आणि पुढच्या पावसाळ्यात जिथे जागा असेल तिथे एक पळस लावा.