बॉस्टनच्या किनाऱ्यावर दोन दिवस

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलाकडून घरच्या मंडळींना दोनच गोष्टींची बातमी हवी असते: अभ्यास कसा चालला आहे, आणि जेवणाचें काय करतोस? पहिल्या प्रश्नाचें उत्तर परीक्षेचा निकाल देतोच. दुसऱ्याचें उत्तर म्हणून, अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं यंत्रशास्त्राचा अभ्यास करीत असतां घालविलेल्या एका शनिवार-रविवारची हकीकत येथें सांगतों.

आमचें मूळ घर सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवचें. वडिलांच्या नोकरीमुळें बिऱ्हाड सांगलीस. म्हणजे आम्ही सारे कृष्णेच्या खोऱ्यांतले. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. तेथून पश्चिम समुद्र अवघा सुमारें ६४ किलोमीटर. परंतु ती त्याच्याकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागरास जाऊन मिळते. आम्हां देशावरच्या माणसांचें समुद्राशीं नातें असेंच पाठमोरें. तरीहि आमच्या भागांतून बॉस्टनला गेलेला मी कांहीं पहिला नव्हें. किर्लोस्करवाडीचे शंतनुराव किर्लोस्कर तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची यंत्रशास्त्राची पदवी १९२६ सालीं मिळवून परतले होते.

निघतांना आजीनें मला एकच अट घातली होती. "बाळ, उपाशी राहूं नकोस. पण विचारल्यावांचून कांहीं तोंडांत घालूं नकोस."

शनिवारीं सकाळीं बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून आगगाडीनें निघालों तो तासाभरांत ग्लॉस्टर बंदरीं पोंचलों. १६२३ सालापासून येथें मासेमारी चालते. धक्क्यानजीक सुकाणूचें चाक घट्ट धरून उभ्या असलेल्या खलाशाचा ब्राँझचा पुतळा आहे. तो १९२५ सालचा. त्याच्याभोंवतीं समुद्रांत नाहींशा झालेल्या पांच हजारांहून अधिक कोळ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. तेथून थोडें पुढें गेलें कीं दुसरा पुतळा दिसतो, तो २००१ सालीं बसविलेला. एक आई दोन मुलांना जवळ घेऊन समुद्राकडे पाहत उभी आहे. पराक्रम करणाऱ्यांचे पुतळे आपण पुष्कळ पाहतों. घरीं वाट पाहणाऱ्यांचा पुतळा मीं प्रथमच पाहिला. मला सांगलीचा आमचा ओटा आठवला.

पुढचें गांव रॉकपोर्ट. तेथील धक्क्यावरची तांबडी झोंपडी चितारणाऱ्यांची इतकी आवडती कीं तिला 'मोटिफ नंबर वन' असेंच नांव पडलें आहे. १९७८ च्या हिमवादळांत ती वाहून गेली, तेव्हां गांवकऱ्यांनीं तशीच दुसरी उभारली. या किनाऱ्यावरचीं खरीं पक्वान्नें म्हणजे लॉब्स्टर आणि शिंपल्यांचें दुधाळ सार. मी पाव, लोणी व सफरचंदें यांवर दुपार काढली.

सायंकाळीं बॉस्टनला परत आलों तेव्हां भूक कडाडली होती. येथला जुना पदार्थ म्हणजे भट्टींत मुरविलेला घेवडा. पूर्वींचे धर्मनिष्ठ प्युरिटन लोक रविवारीं चूल पेटवीत नसत; म्हणून शनिवारीं काकवी व मोहरी घालून घेवडा मंद आंचेवर ठेवीत, तो रात्रीं खात आणि उरलेला दुसऱ्या दिवशीं सकाळीं. काकवी व घेवडा! सांगली आणि सातारा एकाच भांड्यांत नांदत आहेत असें मला वाटलें. एका खाणावळींत शिरून मीं विचारलें, "यांत मांस नाहीं ना?" "नाहीं," असें उत्तर आलें. दोन घांस गेल्यावर चमच्यास पांढरा तुकडा लागला. ती डुकराची खारवलेली चरबी होती. वाढणारा खोटें बोलला नव्हता. आपल्याकडे जशी फोडणी, तसा त्याच्या लेखीं तो तुकडा. मीं पान सारलें. परंतु त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. घरीं सांगावें कीं न सांगावें?

रविवारीं सकाळीं मन रमेना, म्हणून बंदराकांठच्या नॉर्थ एंड भागांत फिरावयास गेलों. तेथें एका बागेच्या कडेला लहानशी पाटी आहे. १५ जानेवारी १९१९ रोजीं भर दुपारीं येथें पन्नास फूट उंचीची काकवीची टांकी फुटली. सुमारें ८७ लक्ष लिटर काकवीची, कोठें कोठें पंचवीस फूट उंचीची, लाट रस्त्यांतून धांवली; २१ माणसें मेलीं आणि दीडशें जखमी झालीं. कृष्णेचा २००५ व २०१९ चा महापूर ज्यांनीं पाहिला आहे त्यांना पूर म्हणजे काय तें सांगावयास नको. परंतु काकवीचा पूर ऐकूनहि खरा वाटत नाहीं.

टांकीचा पत्रा पातळ होता. जो अधिकारी ती बांधून घेत होता त्याला नकाशे वाचतां येत नव्हते. नवा माठ आणला तरी आपल्या घरांतील बायका तो पाण्यानें भरून पाहतात. त्या टांकीची तेवढीहि परीक्षा झाली नाहीं. पुढें ती गळूं लागली तेव्हां गळती दिसूं नये म्हणून तिला तपकिरी रंग दिला! या काकवीचा मागचा इतिहासहि गोड नाहीं. वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांकडून ऊंस पिकवीत. त्यांच्या पोटासाठीं न्यू इंग्लंडमधून हलक्या प्रतीचे वाळवलेले मासे जात आणि त्या बदल्यांत काकवी येई. कालचें बंदर व कालचें पान यांचा संबंध मला तेव्हां उमगला. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यानें तर ही पाटी अवश्य वाचावी. विचारावयाचें तें कोणींच विचारलें नाहीं, म्हणून एकवीस जीव गेले.

त्याच रात्रीं मीं घरीं दूरध्वनि केला आणि आजीला सारें सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "चुकून घडलें तें देवाला ठाऊक. लपविलें नाहींस हें बरें केलेंस. पण तुझा प्रश्नच चुकला. 'मांस आहे का' असें विचारूं नये. 'यांत काय काय घातलें आहे' असें विचारावें."

सुटींत सांगलीस आलों तेव्हां तो पदार्थ मीं स्वतः केला. भौगोलिक मानांकन मिळालेला आमच्या कोरेगांवचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवून सकाळीं मऊ शिजविला. मग चिरलेला कांदा, मोहरीची पूड, मीठ आणि सांगलीची काकवी घालून, झांकण ठेवून सहा तास मंद आंचेवर मुरूं दिला. काकवी आधीं घालूं नये. घातल्यास घेवडा कितीहि वेळ ठेवला तरी मऊ होत नाहीं.

काका, काकू, चुलत भावंडें सारीं पंगतीस बसलीं. आजीनें पानांतल्या घेवड्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि घांस उचलण्यापूर्वीं हंसून विचारलें, "यांत काय काय घातलें आहेस रे?"