खाल्लेले अंगी लागत नाही तेव्हा

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मापासून सोबत येणारा आनुवंशिक आजार आहे. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर या जनुकात दोष असला की पेशींच्या पडद्यातून क्लोराइडची ये-जा बिघडते आणि क्लोराइडमागोमाग जाणारे पाणीही अडते. फुप्फुस, स्वादुपिंड आणि आतडे यांतील एरवी पातळ असणारा स्राव मग डिंकासारखा चिकट होतो. फुप्फुसात तो साचून जंतूंना घर मिळते. स्वादुपिंडात तो नळ्या बुजवतो, त्यामुळे अन्न पचवणारी विकरे आतड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. घामाच्या ग्रंथींत उलटे घडते. तेथे घाम त्वचेवर येण्याआधी त्यातले मीठ शरीरात परत ओढून घेण्याचे काम याच जनुकावर असते. ते होत नाही आणि घाम कमालीचा खारट होतो.

युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण अडीच-तीन हजार जन्मांमागे एक बाळ हा आजार घेऊन येते. भारतात तो कितीतरी विरळ आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या नाळेतील रक्त तपासून काढलेला अंदाज सुमारे चाळीस हजार ते एक लाख जन्मांमागे एक असा आहे. भारतीयांना हा आजार होतच नाही, अशी समजूत डॉक्टरांमध्येही बराच काळ होती. विरळपणापेक्षा ही समजूत अधिक घातक ठरते, कारण जे असेल असे मनातच येत नाही त्याची तपासणी कोणी करत नाही.

अकोले तालुक्यासारख्या ठिकाणी या आजाराला लपायला जागा भरपूर आहे. पूर्वेला प्रवरेच्या पाण्यावरचे उसाचे मळे आणि पश्चिमेला राजूर, भंडारदरा, रतनवाडीकडची महादेव कोळी व ठाकर समाजाची डोंगराळ गावे, असे या तालुक्याचे दोन भाग. डोंगराळ भागात कुपोषण आणि वारंवार होणारा न्यूमोनिया हे नेहमीचे दुखणे आहे, क्षयरोगाची शंकाही लगेच घेतली जाते. सुकलेले, खोकणारे मूल दिसले की यांपैकी एक नाव सहज पुढे येते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. सिस्टिक फायब्रोसिसचे मूल मात्र याच गर्दीत हरवते. ‘पुन्हा कुपोषित’ म्हणून त्याची नोंद होते, नाहीतर निदान पक्के नसताना क्षयरोगाची औषधे दिली जातात.

ही चूक अकोल्यापुरती नाही. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी अँडरसन यांच्यासमोर सीलियाक या आतड्याच्या आजाराने दगावली असे समजली गेलेली मुले होती. शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंडात गाठी आणि तंतुमय ऊती दिसल्या. 1938 मध्ये त्यांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला, आणि त्याचे नावही या गाठी व तंतूंवरूनच पडले.

पहिली खूण जन्मानंतर एक-दोन दिवसांतच दिसू शकते. बाळाची पहिली काळसर-हिरवी शी इतकी घट्ट असते की ती आतड्यात अडकते. पोट फुगते, हिरवी उलटी होते. हा आजार असलेल्या दहा ते वीस टक्के बाळांत असे होते आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. अशा बाळाचे पोट मोकळे झाले म्हणजे प्रश्न मिटला असे समजू नये.

पुढची खूण आईच्या नजरेत आधी भरते. बाळ अंगावर चांगले पिते. वरचे अन्न सुरू झाल्यावर नागलीची पेज, खिमट आवडीने खाते, भूक तर इतरांपेक्षा जास्त असते. तरीही ते बाळसे धरत नाही. शी दिवसातून अनेकदा, भरपूर, फिकट, तेलकट आणि फार घाण वासाची होते. दुपटे धुताना तिचा तेलकटपणा सहज निघत नाही. न पचलेली चरबी तशीच बाहेर पडते, आणि तिच्यासोबत अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही जातात. ‘के’ कमी पडले की किरकोळ जखमेतून रक्त वाहत राहते. काही मुलांचे गुदद्वार शी करताना बाहेर येते. स्तनपानावरच्या काही तान्ह्या बाळांच्या अंगाला सूज येते आणि रक्त कमी होते. ही सूज कुपोषणाचीच समजली जाते, तेव्हा सावध राहायला हवे.

छातीची लक्षणे याच सुमारास किंवा थोडी उशिरा सुरू होतात. खोकला जातो आणि परत येतो. प्रत्येक वेळी प्रतिजैविकाने थोडे बरे वाटते, मग पुन्हा छाती भरते. दमा म्हणून दिलेल्या औषधांचा पुरता गुण येत नाही. मोठ्या मुलांत बोटांची टोके फुगून नखे गोलाकार होतात, नाकात मांसल गाठी वाढतात.

आणि खारटपणा. बाळाचा पापा घेताना ओठांना मीठ लागते, कपाळावर घाम वाळला की पांढरे कण दिसतात. ही तक्रार कोणी केली तर हसण्यावारी नेऊ नये. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उष्म्याने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुले लक्षात येण्याइतकी होती. तेथूनच विचार करत पॉल डी सँट अॅग्नीस यांनी 1953 मध्ये घामातील जास्त मीठ दाखवून दिले. एप्रिल-मेच्या उन्हात एखादे बाळ जुलाब न होताही गळून जाते, रक्तात सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड घटलेले आढळतात. भारतातील रुग्णांत असे चित्र वारंवार दिसते.

अकोल्यात यांतील सर्वांत उपयोगी पुरावा बहुधा आधीच कागदावर असतो. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तो 11.5 सेंटिमीटरहून कमी असला तर तीव्र कुपोषण धरतात आणि मूल उपचार केंद्रात पाठवले जाते. तेथे आहार सुरू झाल्यावर दर किलो वजनामागे रोज पाच ग्रॅमहून कमी वाढ हा अपुरा प्रतिसाद मानतात. म्हणजे सात किलोच्या बाळाचे वजन रोज 35 ग्रॅमनेही वाढत नसेल, तर पोटात अन्न जात असूनही कुठेतरी गळती असू शकते. अशा वेळी घरच्यांना दोष देऊन आहार वाढवत राहणे हा अन्याय आहे. शी कशी होते, खोकला किती वेळा परतला, आधीचे एखादे मूल तान्हेपणी दगावले का, हे विचारायला हवे.

निदान घामाच्या चाचणीने होते. पिलोकार्पिन हे औषध लावलेल्या पट्ट्यांतून हाताच्या त्वचेवर सुमारे पाच मिनिटे अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात. त्वचा किंचित लाल होते आणि तेवढ्याच जागी घाम सुटतो. अर्ध्या तासात तो गोळा करून त्यातील क्लोराइड मोजतात. सुई लागत नाही. लिटरमागे 60 मिलिमोल किंवा अधिक आले तर आजार बहुधा आहे, 30 च्या खाली आले तर बहुधा नाही, मधल्या आकड्यांना जनुकीय तपासणी लागते. कुपोषणात मात्र ही चाचणी फसवू शकते. तीव्र कुपोषणाने आकडा चढतो, अंगावर सूज असेल तर उतरतो. म्हणून मूल सावरल्यावर ती पुन्हा करावी. ही सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच आहे. अकोल्याच्या पालकांसाठी हा लांबचा प्रवास असतो, म्हणून पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर शंका नाव घेऊन लिहिलेली असावी.

आजार मुळापासून बरा होत नाही, पण लवकर ओळखला तर आयुष्य खूप बदलते. प्रत्येक जेवणासोबत विकरांच्या कॅप्सूल, तूप-तेलाने भरलेला आहार, जीवनसत्त्वे, उन्हाळ्यात जादा मीठ, छातीतला कफ सुटावा म्हणून रोज फिजिओथेरपी आणि संसर्गावर वेळीच प्रतिजैविके, हा उपचार भारतातही देता येतो. दोषी प्रथिनावरच काम करणारी नवी औषधे अतिशय महाग आहेत आणि सर्वच जनुकीय दोषांना लागू पडत नाहीत. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात या औषधांचा उल्लेख आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातील एक विशेष केंद्र आहे.

आई-वडील दोघेही निरोगी, पण दोघांकडे दोषी जनुकाची एकेक प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामे-आते भावंडांत लग्न झाले असेल तर दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. म्हणून एका मुलाचे निदान झाले की भावंडे धडधाकट दिसत असली तरी त्यांचीही घामाची चाचणी करावी आणि पुढच्या बाळाआधी आई-वडिलांनी जनुकीय सल्ला घ्यावा.