दाढेची नस काढली, तरी ठणका का?



गाळप हंगामात दाढ दुखू लागली की आपण लवंग धरून दिवस काढतो. अगदीच असह्य झाले म्हणजे गंगाखेडला, नाहीतर परभणीला दातांच्या डॉक्टरांकडे धाव घेतो. तेथे 'रूट कॅनाल' होते, पैसे मोजले जातात, आणि भूल उतरताच त्याच दाढेत पुन्हा ठणका! मग माणूस म्हणतो, "काम बिघडलं, काढूनच टाका." प्रस्तुत लेखकानेही असाच हट्ट धरला होता. डॉक्टरांनी ऐकले नाही म्हणून ती दाढ आज तोंडात आहे.

या उपचारात दाढेतला सडलेला गर नसेसकट काढून, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरतात. परंतु दाढेला हाडात धरून ठेवणारा मुळाभोवतीचा पडदा जिवंतच असतो, आणि आधीच्या पूने व साफसफाईने तो सुजलेला असतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखते, मग हळूहळू ओसरते. लवंगेच्या तेलाचा आता उपयोग नाही, उलट हिरडी भाजते. गोळीही हिरडीवर धरू नका, ती गिळायची असते.

ठणका चढण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर, जेवून घ्यावी. बहुधा ती आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल असते. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधीच सांगावे, कारण त्यांना आयबुप्रोफेन बाधू शकते. दिवसभर उन्हात फडात राबून पाणी कमी पिणाऱ्यानेही जपावे. तापाच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉलच असते, तेव्हा दोन्ही एकदम नकोत. अँटिबायोटिक दुकानातून आपल्या मनाने आणू नये, नुसता ठणका त्याने जात नाही.

तीच दाढ चावताना आधी टेकत असेल तर वरचे सिमेंट उंच राहिले आहे. डॉक्टर ते पाच मिनिटांत घासून देतात. मात्र गाल-गळा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळवेना, तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा.

आता आपल्याकडची खरी अडचण. ठणका थांबला की राहिलेली खेप आणि दाढेवरची टोपी, दोन्ही 'हंगाम आटोपल्यावर' म्हणून राहून जातात. पोखरलेली दाढ आतून पोकळ असते. टोपी बसण्याआधी दातांनी ऊस सोलला तर ती उभी चिरू शकते, आणि मग बहुधा काढावीच लागते. तोवर ऊस खाऊच नये. फारच मन झाले तर रसवंती आहेच. वर चूळ तेवढी भरावी.