बायबलमधील अध्याय व वचने

बायबलमधील अध्याय व वचने हे ख्रिस्ती धर्मग्रंथातील मजकुराचे क्रमांकित विभाग होत. ही विभागणी मूळ लेखकांची नसून संदर्भ शोधणे सोपे व्हावे म्हणून नंतर करण्यात आली. मात्र क्रमांक बदलला की विषयही बदलला, अशी वाचकाची समजूत होते आणि त्याचा परिणाम अर्थनिर्णयावर होतो.

इतिहास

आजची अध्यायरचना सामान्यतः स्टीफन लँग्टन (मृत्यू इ.स. १२२८) यांची मानली जाते. हिब्रू मजकुरात वचनाचा शेवट दर्शविण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. नव्या करारातील वचनांचे प्रचलित क्रमांक मुद्रक रोबेर एतिएन यांच्या इ.स. १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत प्रथम आले. इ.स. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये प्रत्येक वचन नव्या ओळीवर छापले गेले. त्यामुळे वचन हे स्वतंत्र सुभाषितासारखे दिसू लागले.

अर्थनिर्णयावरील परिणाम

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात निर्मितीचे सहा दिवस येतात. सातव्या दिवसाचा विसावा मात्र दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी (२:१–३) आहे. पहिला अध्यायच वाचणाऱ्यास मनुष्याची निर्मिती हा कथेचा शेवट वाटतो. सलग वाचल्यास ती विसाव्याशी पूर्ण होते.

यशयातील दुःख भोगणाऱ्या सेवकाचे काव्य ५२:१३ पासून सुरू होते. केवळ ५३ वा अध्याय वाचल्यास सेवकाच्या उत्कर्षाची आरंभीची घोषणा सुटते.

इफिसकरांस पत्रात ५:२१ मध्ये परस्परांच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे, तर ५:२२ मध्ये पत्नींना उद्देशून वाक्य आहे. काही अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचे क्रियापद नाही. ते आधीच्या वचनातून घ्यावे लागते. दोहोंच्या मध्ये शीर्षक छापल्यास हा दुवा तुटतो.

फिलिप्पैकरांस पत्रातील ४:१३ हे वचन अनेकदा यशाची हमी म्हणून उद्धृत होते. त्याआधीची दोन वचने मात्र विपुलता व उणीव या दोन्ही स्थितींत समाधानी राहण्याविषयी आहेत.

उपयोग व मर्यादा

क्रमांकांमुळे निरनिराळ्या भाषांतील अनुवादांत एकच उतारा सहज सापडतो. तथापि ते सर्वत्र सारखे नाहीत. हिब्रू परंपरेत मलाखीचे तीन अध्याय आहेत, तर बहुतेक प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत चार. स्तोत्राचे शीर्षक वचन म्हणून मोजावे की नाही, यातही भेद आढळतो. म्हणून क्रमांक हा उतारा शोधण्यासाठी वापरावा. विचार कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हे मात्र मजकुराच्या ओघावरून ठरवावे लागते. याच हेतूने काही आधुनिक आवृत्त्या क्रमांक वगळून सलग परिच्छेदांत छापल्या जातात.