आरशाची पाठ सांभाळा

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्याला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी 21 मार्चलाही तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेकरांना तर जमिनीतले आवाज जुनेच. अशा मुलखात कपाटाच्या दाराला आरसा बसवताना त्याची पाठ आधी बघावी. 4 मिलिमीटर जाडीचा, दोन बाय चार फुटांचा आरसा सुमारे साडेसात किलो भरतो. भूकंप कशाला, दार आपटलं तरी तो हादरतो.

आरशामागे आता पारा नसतो. काचेवर चांदीचा अतिपातळ थर असतो, त्यावर रंग. चांदीची ही रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी 1835 मध्ये दाखवली. मागे चांदी आहे म्हणून आरसा चिकटवायला सिलिकॉन घेताना नाक वापरा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. ते चांदीला खातं आणि काळे डाग पडतात. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा. पट्टे उभे ओढा, मध्ये फटी ठेवा, कारण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावरच पक्कं होतं. सगळीकडे चोपडलं तर मधलं ओलंच राहतं.

फुटलेले तुकडे धरून ठेवायला मात्र पाठीवर सेफ्टी फिल्म हवी. (पॅकिंग टेपवर भागवणारेही भेटतात, नका.) पाठ कोरडी आणि स्वच्छ पुसा, फिल्म मधून कडेकडे दाबत न्या, बुडबुडा राहिला तिथे पकड नाही. आता सिलिकॉन फिल्मवर बसणार, म्हणजे सगळा भार फिल्मच्या गोंदावर. तेव्हा चारही बाजूंना लाकडी पट्टी ठोकून घ्याच, खालची जरा जाड.