चार लाखांतला एक थेंब

सकाळी गाडी काढली आणि पार्किंगच्या फरशीवर डाग दिसला. दहा रुपयांच्या नाण्याएवढा, काळपट, बोटाला गुळगुळीत. रात्रभरात गळालेलं इंजिन ऑइल. तीन थेंब, फार तर चार. मी ते मोजायला बसले, आणि मोजता मोजता जिथे पोहोचले तिथे तुम्हालाही घेऊन जायचंय.

सुरुवात एका थेंबापासून करू. एका मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब, म्हणजे लिटरमध्ये २०,०००. पाचशे रुपये लिटरचं ऑइल धरलं तर थेंबाची किंमत अडीच पैसे! अडीच पैशांचा थेंब, पण त्याचा पसारा बघा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपममधल्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं होतं. ते पसरत पसरत जवळजवळ अर्ध्या एकरावर गेलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. छोट्या चमच्यात शंभर थेंब धरा, तर एकेका थेंबाच्या वाट्याला साधारण दोनशे अठरा चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे फ्रँकलिनच्या तेलाच्या एका थेंबाने ती अख्खी खोली झाकली असती, आणि वर थोडा व्हरांडाही.

इंजिन ऑइल तेवढं पसरत नाही, पण लपतं जबरदस्त. गळतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे. पट्टीवरून ओघळतं, होजला चिकटून सरकतं, गाडी पळताना खालून येणारा वारा त्याला मागे ढकलतो, आणि शेवटी ऑइल चेंबरच्या कडेवरून फरशीवर पडतं. एका गॅरेजमध्ये गाडी नेली तर वर बघायच्या आधीच सांगितलं, टर्बो गेला, पंचेचाळीस हजार. मी गाडी परत आणली आणि आमच्या जुन्या उस्तादांकडे गेले. त्यांनी वाकून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "ताई, आधी इंजिन धुवायचं. मग बोलायचं."

धुवून वाळेपर्यंत तास-दीड तास होता. तेवढ्यात आपण टर्बो बघून घेऊ, कारण खरे आकडे तिथे आहेत.

अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. कल्पना सोपी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची. आमच्या दीड लिटरच्या डिझेल इंजिनावर बसतो तेवढ्या टर्बोचं चाक जेमतेम चार सेंटिमीटरचं. लिंबाएवढं! आणि ते पूर्ण जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेरे घेऊ शकतं.

दोन लाख. घरातला छताचा पंखा आठवा. पाचावर ठेवला तरी मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे. टर्बो एका मिनिटात जेवढा फिरतो तेवढं फिरायला पंख्याला साडेनऊ तास लागतील. रात्री दहाला पंखा लावून झोपा, सकाळी साडेसातला उठा. तुमची अख्खी रात्र म्हणजे टर्बोचं एक मिनिट. सेकंदाला ३,३३३ फेरे. पापणी लवते तेवढ्यात हजार!

आता चाकाच्या कडेवर एक मुंगी बसवू आणि तिचा प्रवास मोजू. एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर. मिनिटात पंचवीस किलोमीटर. तासाला पंधराशे! आवाज साध्या हवेत ताशी १,२३५ किलोमीटरने जातो, म्हणजे ही कड आवाजालाही मागे टाकते. मुंबई-पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटर धरलं, तर मुंगी सहा मिनिटांत पुण्यात. रेल्वेने १९२ किलोमीटर, तरी आठ मिनिटांच्या आत. डेक्कन क्वीनला या प्रवासाला तीन तासांहून जास्त लागतात. ती सीएसएमटीहून सुटून दादरला पोहोचेपर्यंत मुंगी शिवाजीनगर ओलांडून पुणे स्टेशनात उतरलेली! आणि हे सगळं कुठेही न जाता, लिंबाएवढ्या जागेत, बॉनेटखाली.

इतक्या वेगाने गोल फिरताना चाकाच्या कडेवर किती ओढ बसत असेल? हिशेब केला तेव्हा मला आधी शून्य चुकलं असं वाटलं. पुन्हा केला. तेच आलं. गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नऊ लाख पट! कडेच्या एक ग्रॅम धातूला नऊशे किलो वजन टांगल्यासारखं. नऊ क्विंटल. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या पन्नास किलोच्या अठरा गोण्या, एका चिमटीत मावेल अशा तुकड्यावर लटकलेल्या.

आणि उष्णता? धुराच्या बाजूला डिझेलमध्ये ८०० अंश सेल्सिअसपर्यंत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. घरातला कुकर त्या धुरात धरला तर त्याचं पाणी होईल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पुण्याची तीस अंशांची हवा आत शिरते आहे. मधलं अंतर वीतभरही नाही. एका हाताच्या पंजावर इकडे भट्टी, तिकडे सकाळ.

आता सांगा, हा दांडा कशावर फिरतो? लहान गाड्यांच्या बहुतेक टर्बोत तो गोळ्यांच्या बेअरिंगवर टेकलेलाच नसतो. तो तेलावर तरंगतो. काही हजारांश मिलिमीटर जाडीचा तेलाचा पापुद्रा, त्यावर. माणसाचा केस साधारण सत्तर हजारांश मिलिमीटर जाड, त्याच्याही कितीतरी पट पातळ. मला या सगळ्या यंत्रात सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर हा पापुद्रा. दोन लाख फेरे, नऊ क्विंटल ओढ, आठशे अंश, आणि धातू धातूला शिवत नाही. मध्ये फक्त तेल आहे.

तो पापुद्रा जागेवर राहावा म्हणून तेल सतत आत येत राहायला हवं. ऑइल पंप महामार्गावरच्या वेगाला मिनिटाला वीस लिटर फिरवतो असं धरू. गाडीत ऑइल असतं चार लिटर, म्हणजे तेच तेल मिनिटात पाच वेळा फिरून येतं. मुंबई-पुणे तीन तास धरले तर ३,६०० लिटर. दोनशे लिटरची अठरा पिंपं! दोन सर्व्हिसच्या मध्ये दहा हजार किलोमीटर चालवली, सरासरी ताशी चाळीसने, तर अडीचशे तास. पंपाचा वेग तोच धरला तर तीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे तीस टँकर. गावाकडची वीस फूट रुंदीची विहीर डोळ्यांसमोर आणा. तीत जवळजवळ चौतीस फूट तेल उभं राहील. चौतीस फूट! आणि हे सगळं त्याच चार लिटरने, दमून न जाता, पुन्हा पुन्हा फिरून.

तेही नुसतं वाहत नाही, दाबाखाली वाहतं. चार बार धरला तर तो चाळीस मीटर पाण्याचा दाब. तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असावी आणि तळमजल्याच्या नळाला तुम्ही बोट लावून पाणी अडवावं, तसं प्रत्येक पॅकिंग, प्रत्येक ऑइल सील, प्रत्येक वायसर बोट लावून उभा आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबर, कॅमचं सील ही मंडळी कमी दाबाच्या जागी, पण तीही उभीच.

इंजिन वाळलं. उस्तादांनी खाली पुठ्ठा अंथरला आणि संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर काळं लगेच दिसतं. मग ऑइलमध्ये छोटी बाटलीभर डाय ओतली. तीस मिलिलिटर, चार लिटरमध्ये. थेंबाच्या वाट्याला शंभरावा भागही येत नाही. इंजिन चालू केलं, पोराला ॲक्सिलरेटर धरून ठेवायला सांगितलं, शटर अर्धं ओढून अंधार केला आणि जांभळा टॉर्च पेटवला.

या टॉर्चचा प्रकाश सेकंदाला साडेसातशे लाख कोटी वेळा थरथरतो. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प साधारण पन्नास लाख कोटी रुपयांचा होता. म्हणजे अशा पंधरा अर्थसंकल्पांत जेवढे रुपये, तेवढ्या थरथरी एका सेकंदात! एवढ्या थरथरी अंगावर घेऊन डाय पिवळ्या-हिरव्या रंगाने पेटते. अंधारात इंजिन काळं, आणि त्यावर काजव्यासारखी एक रेघ.

उस्ताद रेघेच्या खालच्या टोकाकडे बघतच नव्हते. "सगळ्यांत वरचा ओला ठिपका शोधायचा, ताई. खालचं सगळं त्याचंच." बोट वर वर सरकत गेलं. चेंबरची कड, त्यावर ब्लॉक, त्यावर टर्बोची पट्टी, त्यावर टर्बोला तेल देणारी पेन्सिलीएवढी नळी. ती नळी एका पोकळ बोल्टने बसवलेली असते, बँजो बोल्ट. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर. वरच्या वायसरच्या कडेला हिरवा मणी होता. मी श्वास धरून बघत राहिले. मणी फुगला, जड झाला, सुटला. घड्याळ लावलं. मिनिटाला एक.

या मण्यात काय आहे ते मोजू. तेलाचे रेणू. साधारण सहा कोटी गुणिले लाख कोटी! सहावर एकोणीस शून्यं. जगातल्या आठशे कोटी माणसांना हा एक थेंब सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेसातशे कोटी रेणू. म्हणजे जगात जेवढी माणसं, जवळजवळ तेवढेच रेणू, प्रत्येक माणसाला! अडीच पैशांत!

आणि हा बाहेर पडला केवढ्या वाटेने? तेलाचा दाब आणि घट्टपणा धरून ढोबळ हिशेब केला. केसाच्या निम्म्या जाडीची भेग मिनिटाला एक थेंब सोडायला पुरते. तांब्याचा वायसर एकदा दाबून बसला की त्याच्या अंगात त्या जागेचे खाचखळगे उमटतात. तोच काढून पुन्हा लावला की खळगे जुळत नाहीत. मागे कधीतरी कुणीतरी तसंच केलं होतं. उस्तादांनी नवीन जोडी आणली, पंधरा रुपयांचा एक. त्या पंचेचाळीस हजारांत असे तीन हजार वायसर आले असते. दीड मिलिमीटरचा एक धरला, तर एकावर एक साडेचार मीटरचा खांब, गॅरेजच्या पत्र्यापर्यंत.

खरं नवल मला वायसर बदलताना कळलं. मिनिटाला वीस लिटर म्हणजे मिनिटाला चार लाख थेंब. त्यातला एक बाहेर पडत होता. चार लाखांत एक! मुंबईच्या लोकलने दिवसाला साधारण पंचाहत्तर लाख लोक जातात. त्यांतले जेमतेम एकोणीस जण चुकीच्या स्टेशनात उतरावेत, एवढीच ही चूक. गर्दीच्या वेळच्या ठाणे, दादर, कुर्ला, अंधेरीसकट दिवसभरात एकोणीस! इतके दिवस मी त्या एका थेंबाकडे बघत होते. उरलेले तीन लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव थेंब दर मिनिटाला तेरा मजली दाबाखाली, भट्टीशेजारून, केसापेक्षा पातळ फटीतून जाऊन बिनबोभाट घरी परत येत होते.

उस्तादांनी बोल्ट पान्याने आवळला, नळी पुसली, पुन्हा पावडर मारली. आम्ही गाडी बाहेर काढली आणि महामार्गावर एकतीस मिनिटं सलग चालवली. परत येऊन बॉनेट उघडलं, जांभळा टॉर्च मारला. एकतीस मिनिटांचे एक कोटी चोवीस लाख थेंब. २०११ च्या जनगणनेत मुंबईत जेवढी माणसं मोजली गेली, तेवढे. अख्खी मुंबई त्या नळ्यांतून धावून आली होती आणि वायसरभोवतीची पावडर पांढरीशुभ्र होती.